दादा हिंदी बोलू लागला की

मंदावहिनी स्वयंपाकघरात असली, तरी तिचा एक कान ओसरीवर असे. ओसरीवर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आल्यागेल्याशी गप्पा मारत बसलेला असायचा. बोलता बोलता तो वऱ्हाडी सोडून हिंदीत शिरला, की वहिनी तवा उतरवायची आणि मला रिसोडला फोन करायची. "भाऊजी, यांची हिंदी सुरू झाली. उद्या गाडी घेऊन या."

मी आधी हसायचो. आमच्या रिठदमध्ये अर्धं गाव उठता-बसता हिंदी झाडतं. पण वहिनीला त्यातला फरक कळायचा. हिंदीमागून दादाची झोप उडायची, मग शेजाऱ्यांची अंगणं झाडणं, मग मोठमोठे बेत. पहिल्या वेळी यातलं कोणालाच काही कळलं नव्हतं. तेव्हा त्याने संत्र्याची बाग लावायची म्हणून उभ्या सोयाबीनमध्ये ट्रॅक्टर घातला, आणि नंतर भिंतीकडे तोंड करून जो पडला, तो होळीपर्यंत उठला नाही. डॉक्टरांनी बायपोलर असं नाव सांगितलं. वहिनी त्याला चढउतार म्हणे. उताराचीही खूण तिने हेरली होती. दाढी करता करता दादा अर्ध्यावरच थांबला, की ती हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसायची.

याचं कौतुक तिच्या वाट्याला आलं नाही. नवरा हसून-खेळून आहे तर हिच्या पोटात दुखतं, असं गावातल्या बायका म्हणत. दादाही चिडायचा. मी खुश दिसलो की तुला आजारच दिसतो का, असं त्याने एकदा माझ्यासमोर विचारलं. वहिनीने त्याचा धुतलेला शर्ट पुढे धरला. "दिसते तं दिसते. तुमी रुसा माह्यावर, पन पयले गाडीत बसा." तो रुसला आणि बसला. वाशिमच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, आणि ते वर्ष निभावलं.

मागच्या श्रावणात वहिनी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मला काहीच वाटलं नाही. मी मंडप सांगितला, पाहुण्यांना फोन केले, रडणाऱ्यांना पाणी दिलं.

तेरवीला दादा स्वतः वाढत होता, आग्रह करत होता, लेकीबाळींची चौकशी करत होता. गड्याने मन घट्ट केलं, असं जेवणारे म्हणत होते आणि मलाही ते पटत होतं. त्याच्याकडे वहिनीच्या नजरेने पाहणारं घरात आता कोणी उरलं नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पंगती उठल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "मंदा गेली, अन् मले लई चांगलं वाटून राह्यलं. हे बराबर नाही. गाडी काढ."

मी चावी घ्यायला उठलो. वहिनी गेल्याचं रडू मला तेव्हा आलं.