बोलावलं की बसणारे नोंग हार्मेन

नोंग हार्मेन फेल्डस्ट्रा आमच्या गल्लीत आले ते बुधवारी, सतरा जानेवारी २००७ रोजी, दोन बॅगा आणि तेलाची एक डबी घेऊन. डबीची नोंद मी मुद्दाम करते आहे, कारण पुढे तिचं काम आहे.

वय सहासष्ट. हॉलंडमधल्या एका कालव्यावर त्यांनी एकेचाळीस वर्षं पूल उचलण्याची नोकरी केली होती. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली. बायको वारली, थंडीने गुडघे धरले, डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं. आणि ऊन फिलिपिन्समधल्या आमच्या बाकोंगमध्ये हवं तेवढं. माझे पती क्रिसांतो गेल्यापासून घरामागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. त्या मी त्यांना भाड्याने दिल्या. गल्लीने पहिल्याच दिवशी त्यांना ‘नोंग’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे दादा; मला सगळे ‘नांग फेली’ म्हणतात, म्हणजे फेलीताई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ते समुद्राकडे निघाले. वाटेत लोलिंगचं घर. ती चिकट भाताच्या वड्या केळीच्या पानात बांधून विकते. विक्री आटोपून घरची मंडळी दारातल्या बाकावर भात आणि सुके मासे खात बसली होती.

“या नोंग, या जेवायला!” लोलिंगने हाक दिली.

आमच्यापैकी कुणीही असता तर म्हणाला असता, “होऊ द्या, माझं झालंय,” आणि पोटात कावळे ओरडत असले तरी पुढे गेला असता. हार्मेन थांबले. त्यांनी घड्याळ बघितलं, चपला काढल्या आणि बाकावर बसले.

त्या दिवशी लोलिंगकडे माणसं चार आणि मासे पाच होते. हार्मेननी दोन खाल्ले, फार छान म्हणाले, स्वतःचं ताट विसळून ठेवलं आणि समुद्रावर गेले.

शुक्रवारी ते तीनचाकी चालवणाऱ्या दोरोतेओकडे जेवले. शनिवारी दुपारी शिंपिणीकडे, संध्याकाळी तिच्या जावेकडे. आठवड्यात नऊ घरं झाली. गल्लीत हाहाकार. ज्या गल्लीत वादळातसुद्धा दारं लोटून घेत नाहीत, तिथे माणसं दार बंद करून जेवू लागली. दोरोतेओ डबा घेऊन चर्चच्या मागे तीनचाकीत बसून खायचा.

मी म्हटलं, “अरे, मग हाकच मारू नका.”

“अहो नांग फेली, समोरून माणूस जातोय आणि आपण मुकाट्याने गिळतोय, हे जमतं का?” लोलिंग म्हणाली. “परवा करून बघितलं. घास घशातच अडकला. मग पाणी पिऊन हाक मारली, तेव्हा कुठे खाली उतरला.”

“आणि ते आले?”

“आले तर! पाणीसुद्धा त्यांनीच ओतून दिलं.”

शेवटी सगळे मिळून माझ्या ओसरीवर आले. दोरोतेओ म्हणाला, “तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्हीच त्यांना सांगा.”

“काय सांगू?”

“हेच, की आम्ही बोलावतो ते… बोलावत नाही.”

“हे इंग्रजीत कसं सांगायचं?”

“तुम्ही ननबाईंच्या शाळेत शिकलात ना?”

“ननबाईंनी मला खोटं बोलायचं नाही, एवढं शिकवलं.”

“मग खरं सांगा, की आम्ही खोटं बोलतो!” लोलिंग म्हणाली. आम्ही सगळे इतके हसलो की मागच्या खोलीतून हार्मेन बाहेर येऊन विचारू लागले, काही मदत हवी का?

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. खिशातून त्यांनी छोटी वही काढली. प्रत्येक घराचं नाव, वार आणि काय खाल्लं ते तिच्यात लिहिलेलं होतं. परतफेडीचं जेवण कुणाला कधी द्यायचं याचा बेत त्यांनी आखला होता. वही बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

ते म्हणाले, “माझ्या गावी जेवणाचं बोलावणं तीन आठवडे आधी येतं. आल्यावर नाही म्हटलं, तर तो माणूस पुन्हा तोंड बघत नाही. मला वाटलं, इथे माणसं जरा घाईची आहेत, एवढंच.” मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, “पण खूण काय? पुलावर दिवे असायचे. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे ये. इथे कळायचं कसं?”

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी आठवून आठवून सांगितलं, “नुसती हाक आली तर तो नमस्कार समजा. आपण ‘होऊ द्या’ म्हणायचं. पण तुमच्यासाठी ताट मांडलेलं दिसलं, तर मात्र बसायचंच.”

त्यांनी वहीत लिहिलं : हाक, नमस्कार. ताट, हिरवा दिवा.

त्यानंतर चार दिवस ते मान खाली घालून मागच्या पायवाटेने समुद्रावर गेले. पाचव्या दिवशी लोलिंग तरातरा माझ्याकडे आली.

“काय सांगितलंत हो त्यांना? मी एवढी घसा फोडून ओरडले, या जेवायला, तर म्हणतात, ‘होऊ द्या.’ चक्क आपल्या भाषेत!”

“हेच हवं होतं ना तुला?”

“हवं होतं. पण इतकं नको होतं. बिचारे कुबड आल्यासारखे चालतात. आणि माझ्या नवऱ्याच्या ताटाकडे कुणी बघत नाही, तर त्याला जेवण गोड लागेना.”

काय करायचं ते हार्मेननीच ठरवलं. एका सकाळी ते तेलाची डबी आणि बेकरीतले गरम पाव घेऊन लोलिंगच्या दारात उभे राहिले. तिचं दार रोज पहाटे किंचाळून अर्ध्या गल्लीला उठवायचं. त्यांनी बिजागऱ्या साफ केल्या, तेल घातलं, दार चारदा उघडून मिटून बघितलं. आवाज नाही. तोवर लोलिंगने ताट मांडलं होतं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्या खिडकीकडे. मी मान हलवली. ते बसले.

तेव्हापासून वार ठरले. सोमवारी दोरोतेओ, मंगळवारी शिंपीण, गुरुवारी लोलिंग, असं करत करत रविवार माझा. पाव त्यांचे, भात घरवाल्यांचा, आणि वेळ सात दहा. कधी सात नऊ नाही की सात अकरा नाही. सगळ्या गल्लीच्या कड्या, बिजागऱ्या, तीनचाकीची साखळी, चर्चच्या घंटेचा दांडा, कशालाच आवाज राहिला नाही. फादर म्हणाले, आता चर्चचं दारही वाजत नाही, उशिरा कोण आलं ते कळतसुद्धा नाही.

बाकीचं ते हळूहळू शिकले. सुरुवातीला कुणी “कुठे निघालात?” म्हटलं की ते थांबून सगळं सांगत : आधी पोस्टात, मग औषधाच्या दुकानात पोट साफ होण्याची गोळी घ्यायला. पुढे “इथेच, जरा” म्हणू लागले. आम्ही हो म्हणायला नुसत्या भुवया उचलतो, तेही त्यांना जमलं; मात्र दोन्ही भुवया एकदम उचलायला त्यांना दोन वर्षं लागली.

२०१० च्या डिसेंबरात त्यांना बाजारात चक्कर आली. माशांच्या टोपलीवर बसले, एवढंच झालं. पण फोनवर त्यांनी ते मुलीला सांगितलं. फेब्रुवारीच्या पाच तारखेला मुलगी आली. सीत्स्के, वय चव्वेचाळीस, उंच, विमा कंपनीत नोकरीला. समजा असं झालं तर काय, हे विचारणं हाच तिचा धंदा. तिने कालव्याकाठच्या एका वृद्धाश्रमात वडिलांसाठी खोली बघून ठेवली होती. खिडकीतून त्यांचाच जुना पूल दिसत होता. बारा तारखेपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार.

हार्मेन मला म्हणाले, “मला इथेच राहायचं आहे, फेली. पण तिला तिकडे झोप लागली नाही तर मला इथे लागेल का? तिने जा म्हटलं तर मी जाणार.”

बुधवारी संध्याकाळी माझ्या ओसरीवर सीत्स्केने सगळ्यांसमोर विचारलं, “समजा बाबा एकटे असताना पडले. कुणाला कळणार? आणि किती वेळाने?”

मी भाषांतर केलं. सगळे एका सुरात म्हणाले, “आम्ही आहोत ना!”

सीत्स्के माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “बाबांनी मला जेवणाच्या हाकेची गंमत पत्रात लिहिली होती. या म्हणायचं, पण मनात ते नसतं. मग हे ‘आम्ही आहोत’ यातलं कोणतं?”

हे काही मी भाषांतरित केलं नाही. हार्मेन चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दहा फेब्रुवारी, गुरुवार. सीत्स्के साडेसहालाच किनाऱ्यावर चालायला गेली. हार्मेन पावणेसातला न्हाणीघरात गेले. मी वीस पावलांवर स्वयंपाकघरात होते. पाण्याचा पंप चालू होता आणि माझा डावा कान नावापुरताच आहे. मला काहीही ऐकू आलं नाही.

सव्वासातला लोलिंग दारात. हातात भाताचं ताट.

“नोंग कुठे आहेत?”

“येत असतील. पाच मिनिटं तर झालीत.”

“पाच मिनिटं? चार वर्षांत एक मिनिट नाही, आणि पाच?”

तिच्या मागून दोरोतेओ आला, हातात टायर काढायची पहार. त्याच्या मागून शिंपीण, दातात सुई तशीच. मी पंप बंद केला तेव्हा न्हाणीघरातून आवाज आला. हार्मेन आमच्याच भाषेत शांतपणे म्हणत होते, “मी इथे आहे. बरा आहे. कडी गंजली आहे.”

दोरोतेओने दाराला पहार लावली. “नोंग, अख्ख्या गल्लीच्या कड्यांना तेल, आणि स्वतःच्या कडीला?”

“तिची पाळी रविवारी होती!” आतून उत्तर आलं.

“रविवारी ना? मग तोवर बसा आत. भात फटीतून सारतो.”

तेवढ्यात सीत्स्के परतली. अंगणातली गर्दी, पहार, ताट बघून ती धावत सुटली. त्याच वेळी दार निघालं. हार्मेन पंचा गुंडाळून उभे, अर्ध्या गालावर साबण.

बाबा धडधाकट आहेत हे हात लावून पाहिल्यावर तिने विचारलं, “यांना कुणी कळवलं?”

मी तिचा प्रश्न लोलिंगला सांगितला. लोलिंग तिच्याकडे, वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. “कळवायचं कशाला? आज गुरुवार आहे. भात निवत होता.”

हार्मेननी ओल्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. “सात दहाला मी तिथे असायला हवा होतो. सात सोळाला हे लोक मला हाका मारत होते. सहा मिनिटं, सीत्स्के.”

ती पायरीवर बसली. मग मला म्हणाली, “माझ्या समोरच्या घरात एक बाई राहायच्या. त्या गेल्याचं आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. पत्रपेटी भरली होती म्हणून. माझं दार त्यांच्या दारापासून तीन पावलांवर आहे.”

हे मी भाषांतरित केलं. शिंपिणीने दातातली सुई काढून बाहीला टोचली.

शेवटी लोलिंग म्हणाली, “चल गं पोरी, तूसुद्धा ये जेवायला.”

हे मी सांगायच्या आधीच सीत्स्केला कळलं. ती हाक आता तिच्याही ओळखीची झाली होती. तिने वडिलांकडे बघितलं. “बाबा, हा नमस्कार आहे की खरं आहे?”

“मला विचारू नकोस. ताट बघ.”

आम्ही सगळ्यांनीच गल्लीच्या पलीकडे बघितलं. लोलिंगच्या बाकावर हार्मेनची जागा मोकळी होती, आणि तिच्या शेजारी लोलिंगचा नवरा आणखी एक ताट पुसून ठेवत होता. सीत्स्केने तिथे जाऊन चपला काढल्या आणि बसली. मासे किती होते ते मी मोजले नाहीत.

शनिवारी तिने माझ्या फोनवरून वृद्धाश्रमाला कळवलं. आमच्यासमोर बापलेक इंग्रजीच बोलत; फोनवरची तिची भाषा मला येत नाही, पण बोलताना तिने दोनदा नकारार्थी मान हलवली, आणि तिसऱ्यांदा हसली. मागे हार्मेन उगाचच तेलाच्या डबीचं झाकण उघडत आणि लावत होते.

जाताना तिने एकच अट घातली : न्हाणीघराला कडी नको. आता तिथे नुसतं लोटायचं दार आहे. आत कुणी आहे हे कळावं म्हणून हार्मेन अंघोळ संपेपर्यंत शीळ घालतात, पूल उचलताना घालायचे तीच. सूर बेताचाच आहे. ती ऐकून शिंपीण घड्याळ लावते.

दोरोतेओने त्यांना बजावून ठेवलं आहे, “नोंग, शीळ थांबली की आम्ही आलोच. मग अंगाला साबण असो नाहीतर नसो.”