नीरफणसाखालची मोनिक

क्लोव्हिसबरोबर मी अकरा वर्षं कामाला आहे, आणि अकरा वर्षांत त्यानं गाब्रिएल बेटावर एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. रोज सकाळी नऊला ग्राँ बेच्या धक्क्यावरून पस्तीस-चाळीस पाहुणे घ्यायचे, दोन तासांत बेटापाशी नांगर टाकायचा, लोकांना छोट्या होडीनं वाळूवर सोडायचं, आणि हा आपला सुकाण्यापाशी पाय लांब करून बसलेला. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणायचा, नांगरावर लक्ष कोण ठेवणार? जसा काही नांगर पळूनच जाणार होता.

मी जोसेट. आमच्या कॅटमरानच्या, म्हणजे जोडतळाच्या शिडाच्या बोटीच्या, मागच्या कठड्याला लोखंडी शेगडी बांधलेली असते, तिच्यावर मासे आणि कोंबडी भाजणं हे माझं काम. शिवाय रमचं सरबत ढवळायचं, केळी परतायची, आणि कुणाला समुद्र लागला तर बादली धरायची. सरबतात रम कमी घालतेस म्हणून मालक ओरडतो, जास्त घालतेस म्हणून क्लोव्हिस. धुरानं माझे डोळे बारा महिने लाल. मी रडतेय की कांदा चिरतेय हे कुणाला कळत नाही, आणि ते बरंच आहे.

क्लोव्हिसचं उलट. त्याच्या तोंडावर काही उमटतच नाही. बारशात मख्ख, मयतात मख्ख. बायको सोडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा बरोब्बर आठला हजर. "बायको गेली," म्हणाला, आणि लगेच विचारलं, बर्फ किती पेट्या आणलाय? मला असा संताप आला! म्हटलं, मेल्या, चार शिव्या तरी घाल तिला. तर म्हणे, कशाला, तिचं काही चुकलं नाही.

आम्ही दोघं रोश ब्वाचे, एकाच गल्लीतले. त्याची आई झेली. लहानथोर सगळे तिला तांतीन म्हणतात, मावशी म्हणावं तसं. पण ती मूळची इथली नव्हे. ती पेरोसची, वर शागोसच्या बेटांतली. गोऱ्यांना त्या बेटांपाशी लष्कर आणून ठेवायचं होतं, म्हणून बहात्तर साली तिथल्या माणसांना जहाजात भरून इकडे आणून टाकलं, आणि परतीची वाट बंद. इथे आल्यावर आमच्याच लोकांनी त्यांना 'झिलवा, झिलवा' म्हणून हिणवलं, बेटावरचे अडाणी म्हणून. माझ्या बापानंही हिणवलं, खोटं कशाला सांगू. क्लोव्हिस तर इथेच जन्मला, पण शाळेत त्याचंही नाव झिलवाच.

त्याचा बाप आल्फोंस जहाजाच्या वर्षभर आधीच इकडे आला होता. खोबऱ्याच्या घाण्यात हात सापडला, म्हणून इथल्या दवाखान्यात पाठवलेला. हात बरा झाल्यावर परत जायला निघाला तर सांगितलं, आता तिकडे जहाज जात नाही. बायको तिकडे, तान्ही मुलगी तिकडे, हा इकडे. वर्षानं शेवटच्या जहाजातून झेली आली ती एकटीच. मुलगी तापानं गेली होती. मोनिक तिचं नाव.

आल्फोंसला मी पाहिलाय. दर रविवारी प्यायला की पायरीवर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझी मोनिक देवळामागे आहे. नीरफणसाखाली. छान सावली आहे तिला." आमच्या अख्ख्या गल्लीला ती जागा पाठ झाली होती. तांतीन मात्र त्या वेळी आत निघून जायची. मरतानाही तो तेच बोलत होता म्हणतात.

आमच्याकडे नोव्हेंबर लागला की सगळं गाव कबरस्तानात. झाडू, बादली, पांढरा रंग, फुलं. आपापल्या माणसांच्या कबरी घासायच्या, क्रूस रंगवायचा, मेणबत्ती लावायची. ज्याची माणसं दुसरीकडे पुरलेली असतील त्यानं कबरस्तानातल्या मधल्या मोठ्या क्रूसापाशी फुलं ठेवायची. क्लोव्हिस दर वर्षी आधी बापाची कबर घासायचा आणि मग मोठ्या क्रूसापाशी मोनिकचा वेगळा गुच्छ ठेवायचा. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तरी गुच्छ तिचाच मोठा. बाप तसं सांगून गेला होता.

मग यंदा कळलं, परवानगी मिळाली. शंभर जणांना जहाजानं बेटांवर नेणार, कबरी साफ करू देणार आणि परत आणणार. यादीत तांतीन झेलीचं नाव आलं. अख्खी गल्ली तिच्या दारात गोळा झाली, पण ती काही हरखली नाही. साखरेनं तिचा डावा पाय दोन वर्षांपूर्वीच कापलेला. डॉक्टर म्हणाला, जहाजावरून होडीत उतरायला दोराची शिडी आहे, या बाईला जमायचं नाही. ती म्हणाली, मग राहिलं, नाव काढून टाका. क्लोव्हिस म्हणाला, माझं घाला.

"तू कशाला जातोस?" तांतीन म्हणाली. "काय ठेवलंय तिकडे?"

"मोनिकची कबर कोण साफ करणार?"

"राहू दे रे. चौतीस वर्षं राहिलीय तशीच."

मला वाटलं, स्वतःला जाता येत नाही म्हणून म्हातारी चिडलीय. माणूस तसंच समजणार ना! क्लोव्हिसनं ऐकलं नाही. पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि कोयता घेऊन तो गेला. दोन आठवडे दुसरा एक मनुष्य आमचं कॅटमरान चालवत होता, बडबड्या, आणि नांगर टाकायला अगदीच कच्चा.

जहाज परत आलं ते मंगळवारी पहाटे. बंदरापासून रोश ब्वा म्हणजे दहा मिनिटं. धक्क्यावर घरोघरची माणसं गळ्यात पडून रडत होती असं मागाहून ऐकलं. क्लोव्हिस तिथून घरी न जाता बस पकडून थेट ग्राँ बेला आला. मी आठला पोचले तर हा बर्फ फोडतोय. खांद्याला तीच पिशवी.

आई वाट बघत असेल, अक्कल आहे का, असं मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, पाहुणे येतील, कोळसा काढ. त्या दिवशी सदतीस पाहुणे होते, त्यात एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं आणि एक म्हातारा, जो प्रत्येक खडकाचं नाव विचारत होता. क्लोव्हिसनं त्याला सगळी नावं सांगितली. उंच काळ्या खडकाला वळसा घातल्यावर लाट वाढते, तिथे त्यानं नेहमीसारखं सगळ्यांना खाली बसायला लावलं. शीड, दोर, सुकाणू, कशातही फरक नाही. तेच बघून मला धसका बसला.

अकराच्या सुमाराला गाब्रिएलला नांगर पडला. पाहुणे वाळूवर गेले, होडीवाला त्यांच्याबरोबर गेला. कॅटमरानवर आम्ही दोघंच. मी शेगडीवर मासे मांडले. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कबर सापडली नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. पेरोसला तीनच तास दिले होते, घड्याळ बघत एक शिपाई मागे. देवळाला छप्पर नाही. मागे माडांचं रान माजलंय, नीरफणसाचं नाव नाही. कोयत्यानं रान तोडत वीस-पंचवीस कबरी मोकळ्या केल्या सगळ्यांनी मिळून, पण एकावरही अक्षर उरलेलं नाही. लहान कबरी पाच होत्या. पाचांतली मोनिक कुठली? शिपायानं शिट्टी मारली तेव्हा त्यानं समोर होती ती एक धरली, दगड सरळ लावले, पांढरा रंग दिला आणि दगडावर मोनिक असं नाव घातलं.

"दुसऱ्याच्या पोरावर लिहिलं मी," तो म्हणाला. "आणि खरं सांगू जोसेट, मला काही वाटलं नाही. सगळे रडत होते, पिशवीत वाळू भरून घेत होते. मी म्हटलं, थांब, आता वाटेल. जहाजात म्हटलं, आता वाटेल. अजून काही नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं. आता आईला काय सांगू?"

त्याच्या तोंडून एवढी वाक्यं मी अकरा वर्षांत मिळून ऐकली नसतील. माशाची एक बाजू करपली. म्हटलं, काय सांगू काय, सापडली म्हणून सांग. नीरफणस आहे, सावली आहे, सगळं आहे. म्हातारी काय एका पायानं पोहत जाऊन बघणार आहे? पाचांत एक ती असेलच की. देवाला नावं वाचता येतात, तो घेईल बघून. खोटं बोलायला माझी जीभ कधी अडखळत नाही, आणि हे तर पुण्याचं खोटं. पण आपण घरी का गेलो नाही हे त्यालाही कळत होतं. आईनं तोंडाकडे बघितलं तर संपलं. म्हणून मीच म्हटलं, संध्याकाळी मी येते बरोबर, तू नुसतं बोल, सावरून मी घेईन.

दीडला पाहुणे जेवायला परत आले. करपलेला मासा मीच खाल्ला. त्या नव्या नवरीला क्लोव्हिसचा फोटो हवा होता, तो उभा राहिला. परतताना त्यानं भोंग्यावरून आपला नेहमीचा विनोद केला: उजवीकडे आफ्रिका, डावीकडे ऑस्ट्रेलिया, पण तुम्ही पैसे ग्राँ बेपर्यंतचेच भरलेत. सगळे हसले. साडेचारला आम्ही धक्क्याला लागलो, कठडे धुतले, आणि सहाच्या आत रोश ब्वात होतो.

तांतीन झेली दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. जहाज पहाटेच आलंय हे तिला सगळ्या गल्लीनं सांगितलेलं, पण कुठे होतास म्हणून तिनं विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं. मी पायरीवर टेकले. क्लोव्हिस उभाच राहिला, शाळेतल्या पोरासारखा, आणि पाठ केल्यासारखा बोलत सुटला. देऊळ आहे. नीरफणस आहे, केवढा मोठा झालाय. खाली कबर आहे, दगडसुद्धा हललेले नाहीत. मी आपली मधूनमधून, बघा तांतीन, देवाची कृपा, असं चालवलेलं. तिचा चेहरा हलेना. मला वाटलं, छान चाललंय.

"घासली, रंग दिला," तो म्हणाला. "नावही घातलं."

"नाव?" तांतीननं मान वर केली. "कुणाच्या कबरीवर?"

"मोनिकच्या."

मी तोंड उघडणार तोच तिनं हात वर केला.

"पुरे," म्हणाली. "तू माझ्यासाठी कशाला खोटं बोलतोस? मोनिक बेटावर वारलीच नाही. ती जहाजात गेली."

मग तिनं सांगितलं. जहाजात माणसं दाटीवाटीनं, वर ऊन, पाणी मोजून मिळायचं. पोरीला जुलाब लागले. गेल्यावर कप्तान म्हणाला, अशा उन्हात ठेवता येणार नाही. उशीच्या अभ्र्यात घातली, एका खलाशानं लोखंडाचा तुकडा बांधून दिला, आणि हिनंच आपल्या हातांनी पाण्यात सोडली. धक्क्यावर उतरली तर समोर आल्फोंस.

"वर्षभर तो पाण्याकडे डोळे लावून बसला होता," ती म्हणाली. "आणि मी त्याला सांगू, ती त्याच पाण्यात आहे? म्हटलं, तापानं गेली, देवळामागे ठेवलीय. त्यानं विचारलं, नीरफणसाखाली? मी हो म्हटलं. नीरफणस त्यानं घातला. मग तो मरेपर्यंत मला ते मोडता आलं नाही. तो गेल्यावर तू गुच्छ ठेवायला लागलास."

ती रडली नाही. तिच्याही डोळ्यांत काही नव्हतं. आईचंच घेतलंय या मनुष्यानं, हे मला तेव्हा दिसलं, आणि एवढी वर्षं मी त्याला मख्ख म्हणत आले याची लाज वाटली.

"कितव्या दिवशी?" क्लोव्हिसनं विचारलं.

"चौथ्या."

जाताना आणि येताना तो त्या पाण्यावरून गेला असणार. त्यानं विचारलं, "मग मी नाव घातलं ते कुणावर?"

"काय माहीत. शेजारच्या एडमेचं दोन महिन्यांचं पोर गेलं होतं, तिथेच कुठे तरी ठेवलं होतं. किंवा आणखी कुणाचं. एडमेही राहिली नाही आता." तांतीननं त्याचा हात धरून त्याला खाली, खुर्चीशेजारी बसवलं. ब्रश धरलेल्या बोटांना अजून पांढरा रंग होता, तो ती नखानं खरवडू लागली. "मोठं घातलंस का रे नाव?"

"वीतभर एकेक अक्षर."

"मग असू दे," ती म्हणाली. "कुठे तरी लिहिलेलं असू दे."