साडूची दंतपंक्ती

मित्रहो, माझ्या साडूची दंतपंक्ती निर्दोष आहे, ही माझी गंभीर तक्रार आहे.

माझ्याच वयाचा हा गृहस्थ खराडीत आयटीत आहे आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घेतो. आज बायकोने मलाही त्याच्याबरोबर धाडलं. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "असे दात क्वचित पाहायला मिळतात." माझा जळफळाट झाला.

मग माझी पाळी.

"आधी कधी दाखवलं होतं, काका?"

"दुखलंच नाही, तर काय दाखवायचं?"

"जेवणावर सुपारी?"

"रोज. तेवढंच एक व्यसन."

त्यांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा मला आरशात दाखवला. परवा त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत.

बाहेर साडू म्हणाला, "साडूभाऊ, फार वेळ लागला?" मी नुसतं हसलो.

तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत? मला भीती वाटते आहे, आणि घरी अजून सांगितलेलं नाही.