जो पहिला येईल त्याचे पाय

रविवारी चर्चमध्ये उभं राहून मावशीला एवढंच सांगायचं होतं, की उद्या माझं चपला-बुटांचं दुकान उघडतंय, देवाचे आभार, सगळ्यांनी यावं. घरून निघताना नवऱ्यानं बजावलं होतं, "दोन वाक्यं बोल आणि खाली बस." पण या बाईला आनंद झाला की तोंडाला लगाम राहत नाही. तिसऱ्या वाक्याला ती घसरलीच.

"आपल्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले," ती म्हणाली, "आणि माझा तर जन्मच लोकांच्या पायांशी गेला. म्हणून सांगते, उद्या माझ्या दुकानाचा उंबरठा जो पहिला ओलांडेल, तो कुणी का असेना, त्याचे पाय मी माझ्या हातानं धुईन आणि मगच त्याला बूट दाखवीन."

टाळ्याच टाळ्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मावशी लाल होऊन खाली बसली आणि तेव्हा तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. तिथं मोठ्या नणंदबाई मान वळवून तिच्याकडेच बघत होत्या. सगळ्यांत टाळ्या न वाजवणारं माणूस ते एकच. 'कुणी का असेना' म्हणजे कुणीही, हे तेव्हा कुठं मावशीच्या डोक्यात शिरलं.

आता हे प्रकरण काय ते सांगायलाच हवं. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मावशी मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात कामाला लागली. आधी खोकी पुसायची, मग गिऱ्हाइकाच्या पुढ्यात बुटक्या स्टुलावर बसायची. सुरुवातीला परक्या माणसाचा पाय हातात घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती दुसरीकडे बघायची, आणि नाकाला वास आला की मनातल्या मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दुकानाचे म्हातारे मालक हे बघून हसायचे. म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नकोस, पायाकडे बघ. तोंड म्हणतं, होतोय, होतोय. बोटं आत रडत असतात."

मग एकदा पाळकसाहेबांनी त्या पाय धुण्यावर प्रवचन दिलं. गुरू कमरेला पंचा बांधून खाली बसला, आणि जो शिष्य त्याला शत्रूंच्या हाती धरून देणार होता त्याचेही पाय त्यानं सोडले नाहीत. मावशी बाकावर ताठ झाली. अगं बाई, हे तर माझंच काम. दुसऱ्या दिवसापासून तिनं नजर फिरवली नाही. म्हातारा असो, लहान पोर असो, मोज्याला भोक असो, ती पाय असा धरायची जसं दवाखान्यात नर्स बाळ धरते. रस्त्यावरचे लोक तिला मावशी म्हणू लागले, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा.

आणि नणंदबाई? त्या गायकमंडळाच्या प्रमुख. पाठीचा कणा काठीसारखा, पायात सदा चकचकीत काळे, टोकदार बूट. घरच्या एका जेवणात मावशी वाढायला उठली, तेव्हा भरल्या पंगतीत त्या म्हणाल्या होत्या, "आधी हात धुऊन ये. दिवसभर लोकांचे पाय धरतेस." मावशीनं हात धुतलेले होते, तेही साबणानं. पण ती वाढायचं भांडं खाली ठेवून आत गेली. तेव्हापासून दोघींत 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' याच्या पलीकडे शब्द गेला नव्हता. मावशीनं त्यांना प्रार्थनेत कितीदा तरी माफ केलं. पण प्रार्थनेत माफ करणं सोपं असतं हो, तिथं माणूस समोर उभा नसतो. त्यात हल्ली नणंदबाई गाणं सुरू झालं तरी उभ्या राहत नसत, बसूनच हात हलवायच्या. सगळे कुजबुजत, मिजास बघा. मावशीही त्यात आपला सूर मिसळून यायची.

"ताई यायची नाही," नवरा दुपारी म्हणाला.

"आणि आल्या तर?"

"तर धुशील पाय. मी बोललो का तू बोललीस?"

"अहो, मग तुम्हीच आधी आत या ना. पहिले तुम्ही."

"माझे पाय धुशील?"

मावशीनं त्याच्या पायांकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं पळून जातील."

पण युक्ती तिच्या डोक्यात बसली ती बसलीच. शेजारचे औषधवाले भाऊ गरीब स्वभावाचे. संध्याकाळी तिनं त्यांना गाठलं आणि सांगितलं, "उद्या शटर वर गेलं की तुम्ही सरळ आत या. कुणासाठी थांबू नका." वचनही पाळलं जाईल आणि नणंदबाईंपुढे गुडघेही टेकावे लागणार नाहीत. अशी ही सोय. मावशी त्या रात्री डाराडूर झोपली.

सोमवारी सकाळी काय तो थाट. म्हाताऱ्या मालकांनी दुकान बंद करताना तिला आपली बाकं, फळ्या आणि पाय मोजायची लाकडी पट्टी देऊन टाकली होती. ती सगळी पुसून चकाचक. खोकी छतापर्यंत. गल्ल्याजवळ केकचं ताट, कोपऱ्यात घमेलं, पंचा आणि कोमट पाण्याची बादली. मावशी चार वेळा आरशात बघून आली आणि दर वेळी तिला हसूच फुटलं. आपलं दुकान. आपल्या नावावर. तिला नाचावंसं वाटत होतं आणि नवऱ्याचं लक्ष नाही बघून ती खोक्यांच्या आड दोन पावलं नाचलीही.

शटर वर गेलं. बाहेर पाळकसाहेब, चर्चची माणसं, रस्त्यावरची माणसं. औषधवाले भाऊ पांढरा डगला घालून तयार. आणि पायरीशी, सगळ्यांच्या पुढे, नणंदबाई. किती वेळच्या येऊन उभ्या होत्या कोण जाणे. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी वर. तेच ते पंगतीतलं तोंड.

मावशीनं भाऊंना डोळ्यानं खुणावलं. भाऊ निघाले. त्यांनी पायरीवर पाय ठेवलाही, आणि तेवढ्यात, सवयच ती, मावशीची नजर खाली गेली.

नणंदबाई एका पायावर उभ्या होत्या. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. हात शेजारच्या लोखंडी दांडीला असा आवळलेला की बोटं पांढरी पडली होती. काळे बूट दोन्ही बाजूंनी फुगलेले. इतकी वर्षं मावशीनं या बाईचं तोंडच बघितलं होतं. पाय कधी बघितलेच नव्हते.

"थांबा, भाऊ," मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. "ताई, तुम्ही आत या."

नणंदबाई आत आल्या. बाकावर बसल्या. मावशीनं स्टूल ओढलं, बूट काढला, मोजा हलकेच खाली उतरवला. अंगठ्याशी हाड वाढून बाहेर आलेलं, बोटं एकावर एक चढलेली, टाच सोलून लाल. अशा पायांनी ही बाई गाण्याला उभी कशी राहणार होती?

"कुणाला दाखवणार?" नणंदबाई हळू म्हणाल्या. "प्रत्येक दुकानात पोरीबाळी बसलेल्या असतात. तुझ्याकडे यायला तर तोंडच नव्हतं मला. काल तू म्हणालीस, कुणी का असेना. रात्रभर झोप नाही. वाटलं, पहिली पोहोचले तर तुला नाही म्हणता येणार नाही."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण हात घमेल्यात होते. लाज वाटली तिला, औषधवाल्या भाऊंना पुढे घालायच्या आपल्या युक्तीची लाज वाटली. तिनं दोन्ही पाय धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या आणि खोक्यांमागून खोकी उघडली. बायकांच्या बुटांत एकही होईना. शेवटी तिनं वरच्या फळीवरून एक रुंद, मऊ, तपकिरी जोड काढला.

"हे पुरुषांचे आहेत," नणंदबाई म्हणाल्या.

"पायाला कुठं कळतंय, ताई? उभ्या तर राहा."

त्या उभ्या राहिल्या. दांडी नाही, बाक नाही. एक पाऊल, मग दुसरं, मग दुकानाची एक पूर्ण फेरी. चेहऱ्यावर असं नवल उमटलं की दारातली माणसं आपोआप हसायला लागली.

"केक आहे म्हणे," त्या गल्ल्याशी थांबून म्हणाल्या. "मला दे."

"आणते हं. आधी हात धुऊन येते." मावशी पंचा टाकून नळाकडे वळली.

नणंदबाईंनी तिचं मनगट धरलं. सगळी माणसं बघत होती, पंगतीत बघत होती तशीच.

"कशाला धुतेस?" त्या म्हणाल्या. "माझेच तर पाय होते. तशीच दे."