हाकेला ओ

फोन पेडगावहून, आत्याच्या शेजारच्या कांताकाकूचा होता. "आत्या गेल्या गं बाई," एवढं म्हणाली आणि नुसती रडत राहिली... मागे बादल भुंकत होता. इतकी वर्षं त्या भुंकण्यामागोमाग आत्याची "ओऽ" यायची. त्या दिवशी ती आली नाही, तेव्हा मला खरं कळलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. घरात एकटीच, सोबतीला हा बादल, राखाडी रंगाचा, एक कान फाटलेला, महाआगाऊ कुत्रा. वेचलेला कापूस घरात आला की हिवाळ्याच्या दुपारी आम्ही दोघी त्या ढिगाला टेकून लवंडायचो. दारातून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे, डोळ्यांवर गुंगी चढायची... आणि बाहेर बादल बोंब ठोकायचा. आत्या डोळे न उघडताच म्हणायची, "ओऽ! आले रे!" की स्वारी गप्प.

लग्नानंतर मी नवऱ्याला घेऊन गेले, तर बादलनं त्याला फाटकातच अडवलं. मी भडकले. "आत्या, आवर याला! जावई आहे तो तुझा!"

"जावयाला कुठं बोलायलाय तो? मला हाका मारायलाय, ये, बघ कोण आलंय म्हणून. आपल्या माणसानं हाक मारल्यावर ओ द्यावी का न्हाई?"

तेव्हा मी हसले. पण खरंच होतं ते. एकट्या जिवाला परक्याची धास्ती वाटते, म्हणून तो आपली माणसं गोळा करत असतो. माणसं आली की त्याचं काम संपलं.

आत्या गेली त्या सकाळी बादल केव्हाचा भुंकत होता. अख्ख्या गल्लीनं ऐकलं आणि सगळ्यांना वाटलं, आत्या देतील की ओ. "मलाबी तसंच वाटलं गं..." काकू पुन्हा पुन्हा सांगायची. राग आला होता, पण तिच्यावर काढवेना.

त्यानंतर बादल भुंकायचाच थांबला. कुणी यावं, कुणी जावं, हा उंबऱ्याशी पडून. माझा जीव तुटायचा. यानं आता आपल्यातल्या कुणाला हाकच मारायची नाही, असं ठरवलंय की काय?

परवा घर झाडायला गेले होते. दुपार कलली, ओट्यावर जरा टेकले. फाटकाशी एक अनोळखी भंगारवाला थांबला. बादलनं मान उचलली आणि घोगरं, एकदाच, भुंकून पाहिलं.

मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "ओऽ! आले रे बाबा, आले!"

बादल गप्प झाला. काकू धावत आली, तेव्हा तिचे दोन्ही हात पिठानं भरलेले होते.