रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे

मी एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये काम करते. आमच्याकडे अजब काही घडलं की त्याला बग म्हणतात, तक्रारीचं तिकीट काढतात आणि चहाला जातात. भूत, भास, संकेत असल्या गोष्टींवर मी आजवर हसतच आले. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला लगेच वेड्यात काढणार नाही...

हिंगोलीत एका मेडिकलच्या वर आमच्या स्टार्टअपचं पहिलं ऑफिस. शेतकऱ्यानं नंबर लावायचा, हवामानाचा आणि फवारणीचा दोन मिनिटांचा निरोप ऐकायचा, की फोन आपोआप कट. निरोपातला आवाज माझा, कारण दुसरं कुणी फुकट बोलायला तयार नव्हतं! सहाजण होतो. डबे एकत्र उघडायचो, जोरजोरात भांडायचो. मग फंडिंग आलं, केक कापला, टी-शर्ट वाटले... आणि सगळे पुण्याला गेले. इथं कुणीतरी हवं म्हणून मी राहिले.

कंपनी वाढत होती आणि मी दिवसभर कुणाशी बोलत नव्हते. रोज सकाळी आले की सहाही टेबलांवरचे पंखे लावायचे, थंडीतसुद्धा. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

अशात एक तिकीट आलं. सेनगावकडच्या एका नंबरवरून रोज दुपारी फोन यायचा आणि अर्धा-अर्धा तास चालू राहायचा. सिस्टीममध्ये हे शक्यच नव्हतं. आमच्या बाजूचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझा निरोप संपल्यावर नुसती घरघर. लाइनचा दोष, असं मी लिहून टाकलं.

पण निखिलचा सकाळी फोन आला. निखिल म्हणजे आमचा फाउंडर, माझा कॉलेजातला मित्र.

"जाऊन बघ ना एकदा. सोमवारपासून कॉम्प्युटरचा आवाज लावतोय, त्याआधी हे क्लिअर कर."

"आणि माझा?"

"तुझा काढतोय अगं. आता किती ठिकाणी जायचंय आपल्याला!"

मी तासाभरात जीपमध्ये बसले. गावाबाहेर तुरीला लागून एक टिनाचं घर, दारात म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. मी नुसतं "मावशी..." म्हटलं.

"आलीस व्हय? कालच म्हनलीस, येते म्हनून. बस."

काल? माझं यायचं तर आज सकाळी ठरलं होतं!

"मावशी, फोनवर मी नसते. आवाज आधीच भरून ठेवलेला असतो."

"असंन बाई. फवारनीचं सांगून झालं की मंग बोलत बसतेस. मला तरी कोन हाय बोलायला?" पाण्याचा तांब्या पुढे करत तिनं विचारलं, "पन एक सांग, रिकाम्या खुर्च्यांवर पंखे काहून लावतेस? एकटीला एक पुरे की."

ती घरघर कसली होती ते आता ओळखू आलं... आणि निरोप भरताना तर आम्ही पंखे बंद ठेवायचो.

खरं तर घाबरायला हवं होतं. मी रडले. कुणाला तरी माहीत होतं, एवढंच वाटलं.

परतताना जीपमधूनच निखिलला विनवलं, निदान त्या एका नंबरला तरी माझा आवाज राहू दे, म्हातारीला दुसरं कुणी नाही.

"एका युजरसाठी?" तो म्हणाला.

सोमवारी आवाज बदलला. तिचे कॉल दोन मिनिटांत संपायला लागले. तिकीट बंद. निखिलनं ग्रुपवर अंगठा टाकला. आमचा इंजिनिअर म्हणतो, क्रॉस-कनेक्शन असणार. कुणाशी, ते मात्र त्यालाही सांगता येत नाही.

आता रोज दुपारी मीच तिला फोन करते. शेळ्या, ऊन, काय जेवलीस... मग दोघींनाही पुढचं सुचत नाही.

परवा ती म्हणाली, "राग नको धरू माय. तू बी चांगली हायेस. पन ती लई मोकळी बोलायची... ती कुटं गेली गं?"

मला अजूनही माहीत नाही. फोन कानाला धरून मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. सहाही पंखे चालू होते.