पोट्टे सरळ चालून राह्यले

आमच्या लॅबमधले किस्से सांगायची कुठं सोय नाही. जेवताना सांगता येत नाहीत, पाहुण्यांत सांगता येत नाहीत, बायकोच्या माहेरी तर तोंडच उघडायचं नाही. मग ते पोटात साठत जातात आणि एखाद्या दिवशी कोणी 'अजून काय विशेष?' म्हटलं की भसाभसा बाहेर पडतात. आज तुम्ही विचारलंच आहे, तर बसा आता.

काम काय ते आधी सांगतो. पवनारच्या रस्त्याला आमचं छोटंसं केंद्र आहे. आपल्या वर्ध्याकडची पांढरी, काटक गवळाऊ जात, तिचे वळू आम्ही सांभाळतो. त्यांचं वीर्य घ्यायचं, शुक्राणू किती आहेत, कसे पळतात, गोठवल्यावर पुन्हा जिवंत होतात का, हे पाहायचं. बारा वर्षं मी हेच करतोय.

आणि दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सगळ्या तपासण्या झाल्या, काही दोष निघाला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'मिस्टरांची तपासणी'. ती चिठ्ठी आठ महिने माझ्या पाकिटात होती! खुर्चीत बसलो की पाय हलायचा, उभा राहिलो की चालावंसं वाटायचं. कशात जीव लागत नव्हता.

"दिवसभर त्या वळूयचं पाहता," वैशाली म्हणायची, "सोताचं पाह्यले काऊन भेव लागते?"

मी पाकीट खिशात सरकवून लॅबला निघायचो.

* * *

हिंगणघाटला तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं. मामाजींनी विचारलं, "जवाईबुवा, तुमचं संशोधन कायचं म्हनता?" मी जपून म्हटलं, "पशुप्रजनन." झालं! पाच मिनिटांत मांडवभर बातमी, जवाई ढोराचे डॉक्टर आहेत म्हणून. एकानं लंगडती शेळी दाखवायला नेलं. दुसऱ्यानं कुत्र्याच्या खरजेवर औषध विचारलं.

तिसरे एक काका मला आचाऱ्याच्या चुलीमागं घेऊन गेले. हळूच म्हणाले, "पोराच्या लग्नाले चार वर्सं झाले. सुनेले साऱ्या डॉक्टरायकडं फिरवलं. तुमच्याकडं काई उपाय हाये का?"

मला स्फुरण चढलं. म्हटलं, "काका, सुनेला कशाला फिरवता? पहिले मुलाची तपासणी करा! साधी टेस्ट असते. आजच्या जमान्यात त्यात लाज कसली?"

काका मान डोलवत गेले. मी वळलो, तर मागं वैशाली उभी, हातात जिलेबीची प्लेट.

"एकडाव अजून सांगा नं," ती म्हणाली. "मले नीट ऐकू नाई आलं."

जिलेबी तिथंच माझ्या हातात ठेवून ती निघून गेली.

* * *

गोठवलेलं वीर्य रिफिलएवढ्या नळीत असतं. तिला कांडी म्हणतात. वापरायच्या आधी ती अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरायची. कोमट म्हणजे सदतीस अंश, अंगाइतकं. जगात सगळीकडं त्यासाठी पाणी तापवतात.

पुण्याहून अपूर्वा नावाची हुशार मुलगी आमच्याकडं संशोधनाला आली. आली ती मे महिन्यात. दुपारी लाइट गेली, पाणी तापवायचं यंत्र बंद. तिनं विचार केला, नळाचं पाणी हाताला गरम लागतंय, चालेल! गच्चीवरची काळी टाकी, वर्ध्याचं ऊन. सात नंबरच्या वळूच्या चार कांड्या तिनं त्या पाण्यात धरल्या. स्लाइडवर सगळे मेलेले. बिचारीनं रजिस्टरमध्ये सुंदर अक्षरात लिहिलं, 'वळू क्र. ७ निकामी. कळपातून काढावा.'

आमचे शालिकभाऊ वळू सांभाळतात. केंद्राची पहिली वीट ठेवली तेव्हापासून आहेत. त्यांनी ते वाचलं नि तडक नळाखाली हात धरला.

"बाप्पा! म्याडम, या पान्यात तं अंडं उकडते!"

दुसऱ्याच दिवशी आमच्या लॅबमध्ये माठ आला. लोक पाणी तापवतात, आम्ही माठातलं पाणी घालून थंड करतो. सात नंबर वाचला. अपूर्वा त्याला गूळ घेऊन माफी मागायला गेली होती!

संध्याकाळी मी घरी गेलो नि उत्साहानं वैशालीला सांगितलं, "पाहा, उन्हाळ्यातल्या तपासणीचा काही भरवसा नसतो. आपण पावसाळ्यानंतर बघू."

"दवाखान्यात एसी हाये," ती म्हणाली.

* * *

मग ती पाहणी समिती. पाच साहेब आले, कडक इस्त्रीचे. त्यांना वीर्य घेण्याची पद्धत डोळ्यांनी पाहायची होती. आम्ही वळूला चढायला समोर एक शांत बैल उभा केला आणि राजाला आणलं. राजा म्हणजे आमचा सगळ्यात तयारीचा गडी, एरवी दोन मिनिटांत मोकळा होतो. त्या दिवशी त्यानं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि तो रवंथ करत उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. एक साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "या प्राण्यात काही प्रॉब्लेम आहे का?"

शालिकभाऊ अदबीनं म्हणाले, "प्रॉब्लेम काई नाई सायेब. पन तुमाले असं मधात उभं करून पाच जन टकमक पाहून राह्यले असते, तं तुमाले जमलं असतं का?"

साहेब लोक चहाला गेले. पाठ फिरताच राजानं काम केलं.

सगळ्यांत जास्त मी हसलो. मग मला दवाखान्यातली ती नमुना द्यायची खोली आठवली. बाहेर बाकावर माणसं, आत आपण, हातात नाव लिहिलेली डबी. माझं हसू तिथंच थांबलं. खरं सांगू का, निकालाइतकीच मला त्या खोलीची धास्ती होती.

* * *

एकदा गाडी बंद पडली म्हणून अपूर्वा आणि मी मोटारसायकलवर कांड्यांचं भांडं घेऊन निघालो. भांडं म्हणजे दुधाच्या कॅनसारखं असतं, आत द्रवरूप नायट्रोजन, झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ. जायचं होतं पुलगावच्या पलीकडं. आता पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, आणि आम्ही धूर सोडणारा डबा घेऊन चाललोय! पोलिसानं शिट्टी मारली.

"काय हाये यात?"

"वीर्य."

तो दोन पावलं मागं सरकला. "उघडा!"

झाकण काढलं तर वाफेचा लोटच्या लोट त्याच्या बुटांवर. तो ओरडला, अपूर्वा ओरडली, मागचा ट्रकवाला उतरून पळाला. कागदपत्रं दाखवली, शिक्का दाखवला, जात दाखवली म्हणजे गवळाऊची! पोलिसानं सगळं दोनदा वाचलं. मग इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला.

"साहेब, आमची गाय दोन वर्सं झाले उलटून राह्यली, गाभन नाई राह्यत. येकांदी कांडी देता का?"

नियमात बसत नव्हतं, म्हणून जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. "पहिले गाय तपासून घ्या," असं म्हणालो. पुढचे दहा किलोमीटर माझं मलाच वाईट वाटत होतं. मी गायच का म्हणालो?

* * *

शालिकभाऊंचं शिक्षण सातवी. पण पडद्यावर शुक्राणू दिसायला लागले की आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहतो. शुक्राणूंना ते पोट्टे म्हणतात. "पोट्टे चांगले पयून राह्यले." "याचे पोट्टे गोल गोल फिरून राह्यले, कामाचे नाईत."

शुक्राणू मोजायचं महागडं मशीन आलं तेव्हा कंपनीचा इंजिनिअर तोऱ्यात म्हणाला, "आता माणसाच्या डोळ्याची गरज नाही." त्यानं स्लाइड लावली, मशीननं आकडा दिला. शालिकभाऊ दारात चहा पीत होते.

"यानं कचराबी मोजला," ते म्हणाले.

इंजिनिअरनं पडदा मोठा करून पाहिला. धुळीचे कण होते! काच पुसून पुन्हा मोजलं तर आकडा निम्म्यावर आला. आता मशीनचा कागद निघाला तरी शालिकभाऊंनी पाहिल्याशिवाय आम्ही कोणत्याही वळूचा निर्णय करत नाही.

* * *

यंदा तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार आली. वैशालीनं ताट भरून खाऊ ठेवला होता. एकेकाच्या बैलाला टिळा लावला, एकेकाच्या हातावर खाऊ ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुह्याबी घरून बैल निघू दे, माय!" वैशाली हसली. दार लावून आत आली नि जमिनीवरच बसली.

"लोकं माह्याच पोटाकडं पाह्यतात," ती म्हणाली. "तुमच्याकडं कोनी पाह्यत नाई. सहा वर्सं झाले. मी थकली आता." आणि रडली. सहा वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, लॅब बंद. माझ्याकडं किल्ली होती. म्हटलं, डॉक्टरांच्या आधी आपणच पाहून घेऊ, जे असेल ते एकट्यानं पाहू.

स्लाइड लावली, पडदा सुरू केला. आणि मला काही कळेचना! वळूचं दोन सेकंदांत सांगणारा मी, समोर काय दिसतंय तेच समजेना. मोजायला लागलो की आकडा चुकायचा. चार वेळा पहिल्यापासून मोजलं.

"सुट्टीच्या दिशी कोन्त्या गोऱ्ह्याचं पाहून राह्यले साहेब?"

मागं शालिकभाऊ. वळूंना चारा टाकायला आले होते. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "नवीन आहे."

त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला. पडद्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. वळूचं ते इतका वेळ कधी पाहत नाहीत.

"पोट्टे कमी हायेत," ते म्हणाले.

मी पडदा बंद करायला हात पुढं केला.

"पन जे हायेत ते सरळ चालून राह्यले. हा वाया गेलेला नाई. आपल्या हातचं नाई हे, चांगल्या डॉक्टरले दाखवा. अन् येकटा नका पाठवू. घाबरट दिसते."

चष्मा काढून खिशात ठेवला आणि चाऱ्याकडं गेले.

सोमवारी सकाळी वैशालीला घेऊन मी दवाखान्यात गेलो. त्या खोलीतही गेलो. बाहेर ती बाकावर बसून होती. डॉक्टरीणबाईंनी अहवाल पाहिला, "थोडे कमी आहेत, पण मार्ग निघेल," म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. वैशालीनं माझा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.

दुपारी लॅबमध्ये पोचलो तर माझ्या टेबलावर स्टीलचा डबा. आत उडदाचे लाडू, अजून कोमट. समोर अपूर्वा उभी, एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात चिठ्ठी, आणि चेहरा पार गोंधळलेला.

"सर, नवा वळू आलाय? मला कुणी सांगितलंच नाही! शालिकभाऊ हे ठेवून गेलेत." तिनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "'नवीन गोऱ्ह्यासाठी. रोज सकाळी दोन त्याले, दोन तिले.'"

तिनं पेनचं टोपण काढलं.

"सर, तिले म्हणजे कोणती गाय?"